धाव, डनलॉप आणि डबल ट्रॉली: उसाच्या रस्त्यावर टायर का फुटतो?

आजचा विषय आहे टायर. हो, टायरच. थंबनेल बघून ज्यांना वाटलं की मी आता महाराष्ट्राच्या साखर कारखानदारीचं राजकारण उलगडणार, त्यांनी थोडा धीर धरा, कारखाने येणारच आहेत. पण आज ते चाकाच्या बाजूने येतील. (ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जिथे फारच भरकटलो तो भाग कापलाय, सगळा नाही.)

ज्यांना शिरूर-दौंडचा पट्टा माहीत नाही त्यांच्यासाठी आधी नकाशा. पुण्यातून दोन मोठे रस्ते पूर्वेकडे निघतात. एक नगरचा, शिक्रापूर, रांजणगाव करत शिरूरला जातो. दुसरा सोलापूरचा, यवत, चौफुला, पाटस करत दौंड तालुक्यातून जातो. मधून भीमा वाहते. आणि या दोन हायवेंना जोडणारा एक उभा रस्ता आहे: चौफुला, केडगाव, पारगाव, भीमेवरचा पूल, मग न्हावरा आणि शिरूर. माझं आजोळ याच रस्त्यालगतचं आहे. गाळप हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, या रस्त्यावर रात्री बाइक चालवणं हा एक वेगळाच अनुभव असतो. समोर ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर दोन्हीकडून लोंबणारा ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर दोन भोंग्यांमधून वाजणारं गाणं.

आणि दर काही किलोमीटरवर एक ट्रॉली बाजूला उभी. अर्धी रस्त्यात, अर्धी साइडपट्टीवर. चाकाखाली दगड, मागे इशारा म्हणून बाभळीची फांदी. टायर फुटलेला असतो. ड्रायव्हर एकतर जॅक आणायला गेलेला असतो, नाहीतर ट्रॉलीखाली झोपलेला.

आपण गृहीत धरतो की टायर फुटला की धोका त्या गाडीला. कारच्या बाबतीत ते खरं आहे. पण उसाच्या ट्रॉलीचा वेग इतका कमी असतो की टायर फुटल्यावर बऱ्याचदा ती नुसती एका बाजूला बसते. मरतो तो मागून येणारा. रात्री, समोरच्या गाडीचा अप्पर लाइट डोळ्यावर, आणि अचानक पुढे दहा टन ऊस उभा, ज्याला ना दिवा ना रिफ्लेक्टर. मागून येणारा हा माणूस बहुतेक वेळा बाइकवर असतो आणि तुमच्या-माझ्या वयाचा असतो. म्हणून हा भाग शेतकऱ्यांसाठी जितका आहे तितकाच तुमच्यासाठीही आहे.

आता मागे जाऊ.

टायर हा शब्द रबरापेक्षा बराच जुना आहे. इंग्रजीत तो मुळात लाकडी चाकावर चढवलेल्या लोखंडी पट्टीसाठी वापरायचे. आपल्याकडे त्याच वस्तूला नेमका शब्द आहे: धाव. बैलगाडीचं चाक सुतार बनवायचा. मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, आणि बाहेर गोलाकार जोडलेले लाकडाचे तुकडे. मग लोहार यायचा. तो चाकापेक्षा किंचित लहान लोखंडी कडं करायचा, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवायचा, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचा आणि वरून पाणी ओतायचा. लोखंड आकसलं की सगळं चाक आवळून एकजीव व्हायचं. मी गंमत म्हणून गणित केलं. साधारण १.४ मीटर व्यासाचं चाक, म्हणजे परीघ ४.४ मीटर. पाचशे अंश तापमान वाढलं तर कडं जवळपास अडीच सेंटिमीटर वाढतं. त्या अडीच सेंटिमीटरवर आख्खं चाक उभं! ज्या लोहाराने कधी प्रसरण गुणांक हा शब्द ऐकला नाही, तो हे माप दोरीने घ्यायचा.

धावेचा एक मोठा गुण म्हणजे ती फुटत नाही. झिजते, सैल होते, उन्हाळ्यात लाकूड वाळलं की निसटते, म्हणून लोक गाडीची चाकं ओढ्यात भिजत घालायचे. पण फुटत नाही. मग ओझ्याचा धक्का जातो कुठे? खाली रस्त्याला, आणि वर जुवातून बैलाच्या खांद्याला. बैलपोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी करतात, हळद-लोण्याने किंवा तेलाने बैलाची खांद चोळतात, ती रीत कुठून आली असेल याचा अंदाज धावेच्या गाडीत खडीवरून एकदा बसून गेलं की येतो.

रस्त्याचं दुखणं सरकारला बैलाच्या दुखण्याआधी कळलं, हे ओघानेच आलं. मोटारी वाढल्या, डांबर आलं, आणि लोखंडी धावेच्या गाड्या त्या रस्त्यांना करवतीसारख्या कापायला लागल्या. १९२७ मध्ये भारतातल्या रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, तेच जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९२८ मध्ये त्यांचा अहवाल आला, त्यातून रस्त्यांसाठी वेगळा निधी निघाला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. म्हणजे आज आपण हायवेच्या जाडीचे जे नियम वापरतो ते बनवणारी संस्था ज्या काळात जन्माला आली, त्या काळात रस्त्याची मोठी डोकेदुखी बैलगाडीचं चाक ही होती.

आता रबराकडे. ही गोष्ट बहुतेकांनी अर्धी ऐकलेली असते. हवेचा टायर डनलॉपने शोधला, असं आपण जनरल नॉलेजमध्ये पाठ केलं. खरं तर रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने त्याचं पेटंट १८४५ मध्येच घेतलं होतं. घोडागाड्यांसाठी. चाललं नाही, लोक विसरले. मग १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तोच शोध पुन्हा लावला. थॉमसनचं पेटंट सापडल्यावर डनलॉपचं मूळ पेटंट टिकलं नाही. पण मला यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. डनलॉपचा धंदा काय होता? तो जनावरांचा डॉक्टर होता. आणि त्याच्या नावाच्या टायरने पुढे इकडे बैलांची खांद वाचवली. इतिहास कधीकधी असे योगायोग करतो की कथेत लिहिले तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

डनलॉप कंपनीने १९३६ मध्ये बंगालमध्ये, हुगळीकाठी साहागंजला टायरचा कारखाना काढला. मोटारी त्या काळी भारतात होत्या किती? बैलगाड्या मात्र लाखोंनी होत्या. म्हणून १९३० च्या दशकात कंपनीने बैलगाडीसाठी हवेचं चाक आणलं: टायर, लोखंडी आस, बेअरिंग, सगळा संच. आपल्याकडे टायरच्या बैलगाडीला कित्येक गावांत अजून डनलॉप गाडी म्हणतात, टायर कुठल्याही कंपनीचा असो. (जशी फोमची कुठलीही गादी आजीसाठी डनलॉपची गादी असते.) साहागंजचा कारखाना पुढे बंद पडला, नाव मात्र बोलण्यात राहिलं.

पण टायरची गाडी आली आणि लगेच सगळीकडे पसरली असं झालं नाही. ती महाग होती. शेतकऱ्याला वर्षातून चार वेळा बाजाराला जायला ती कशाला हवी? तिला खरं काम मिळालं उसामुळे. आणि इथे माझं एक मत आहे, पटतंय का बघा.

महाराष्ट्रातले सुरुवातीचे साखर कारखाने खाजगी कंपन्यांचे होते. कारखान्याभोवती त्यांची स्वतःची किंवा खंडाने घेतलेली हजारो एकर सलग जमीन असायची. सलग जमीन असली की रूळ टाकता येतात. नगर जिल्ह्यात हरेगावला, नाशिक जिल्ह्यात रावळगावला उसासाठी अरुंद रूळ होते, छोटी इंजिनं होती. ऊस रेल्वेने यायचा. मग आली सहकारी पद्धत. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कारखान्याचं गाळप १९५० च्या सुमारास सुरू झालं. पुढे १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांच्या जमिनीही गेल्या, आणि त्या सांभाळायला १९६३ मध्ये शेती महामंडळ आलं. आता कारखान्याचा ऊस कुणाचा? शेकडो गावांतल्या हजारो सभासदांचा. कुणाचा अर्धा एकर, कुणाचा तीन. दर वर्षी वेगळ्या गटात. तिथे रूळ कसे टाकणार? ज्या वाहनाला ना स्टेशन लागतं ना डांबर, जे सरीतून बाहेर पडून थेट कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत जातं, असं वाहन एकच होतं. म्हणून मी म्हणतो की आपल्या सहकारी कारखानदारीत शेअर भांडवल आणि पुढारी यांच्याइतकाच वाटा टायरच्या बैलगाडीचा आहे. तिचा पुतळा मात्र कुठल्या कारखान्याच्या गेटवर माझ्या पाहण्यात नाही.

शिरूर-दौंडमध्ये ऊस आधीपासून होता. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी दौंड तालुक्यात येतं, शिरूरला घोड आणि चासकमानचं. सोलापूर रस्त्यालगत यवत-केडगावकडे आजही गुऱ्हाळं दिसतात. गुऱ्हाळाला ऊस जवळून यायचा, एक-दोन मैलांवरून. मग पाटसला भीमा सहकारी आला, न्हावऱ्याला घोडगंगा आला, नंतर आलेगाव, पाटेठाण, रावडेवाडी, जातेगाव इथे खाजगी कारखाने उभे राहिले. अंतर वाढत गेलं.

ऊसतोड मजुरांच्या भाषेत टायर हा शब्दच एका पद्धतीचं नाव झाला. डोक्यावरून मोळ्या ट्रकमध्ये भरणारे ते डोकी सेंटर, बैलगाडीवाले ते गाडी सेंटर आणि टायर सेंटर. बीडकडून, पाथर्डी-शेवगावकडून आलेला माणूस मुकादमाची उचल घेतो, बैल स्वतःचे आणतो, कोयता नवरा-बायकोचा. आणि मजुरी कशावर? टनावर. हा शब्द लक्षात ठेवा, कारण टायर फुटण्याचं मूळ कारण तिथे आहे.

धावेच्या गाडीत टनभर माल म्हणजे खूप झाला. टायरची गाडी ओढायला हलकी, म्हणून बैल तेवढ्याच जोरात जास्त ओढू शकतो. इथपर्यंत छान. पण जर पैसे टनावर मिळणार असतील तर वाचलेला जोर बैलाच्या वाट्याला येईल की टनाच्या? दीड टन झाले, दोन झाले, त्याहून जास्त झाले. उतारावर बिना ब्रेकची गाडी बैलांच्या अंगावर येते, मागे जास्त भरली की पुढचे बैल उचलले जातात, हे व्हिडिओ तुम्ही पाहिलेत. बंगळूरच्या आयआयएमचे संचालक राहिलेले प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी तर आयुष्याचा मोठा काळ बैलगाडी सुधारण्यावर घालवला. आयआयएममधला माणूस बैलगाडीवर काम करतो म्हणून लोक हसलेही असतील. २०२२ मध्ये इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी जुवाखाली एक आधाराचं चाक लावून सारथी नावाचा प्रोजेक्ट केला, बैलाच्या मानेवरचा भार त्या चाकावर घेण्यासाठी. तो व्हायरल झाला तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवरही आला होता. आम्ही फायनल इयरला जे प्रोजेक्ट केले ते आठवून मी गप्प बसलो.

पुढचं पाऊल ट्रॅक्टर. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. आणि त्याच्या खालची आवृत्ती म्हणजे जुगाड: छोट्या ट्रॅक्टरमागे बैलगाडीचेच टायरगाडे जोडायचे. बैलगाडीच्या टायरवर एडीव्ही असं लिहिलेलं असतं, म्हणजे अ‍ॅनिमल ड्रॉन व्हेईकल, जनावराने ओढायचं वाहन. ८.००-१९ वगैरे साइज. तो टायर बैलाच्या चालीसाठी बनलाय. बैल तासाला तीन-चार किलोमीटर चालतो. त्याच टायरला ट्रॅक्टरमागे तासाला पंचवीस-तीसने पळवलं तर काय होईल? मी सॉफ्टवेअरवाला आहे, आमच्या भाषेत सांगतो: शंभर युजरसाठी लिहिलेला कोड तुम्ही हजार युजरना उघडून दिलाय. तो लगेच पडत नाही. तापतो, आणि मग नेमका पीक अवरला पडतो.

तर टायर फुटतो कसा, ते नीट समजून घेऊ. ओझं रबर उचलत नाही. हवा उचलते. रबर आणि त्यातले धागे फक्त हवेला धरून ठेवतात. ढोबळ हिशोब बघा. एका टायरवर १५०० किलो आहेत आणि हवा ६० पीएसआय. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४.२ किलो. भागाकार केला तर जमिनीला टेकलेला भाग साधारण ३५५ चौरस सेंटिमीटर, एखाद्या मोठ्या चपातीएवढा. आता हवा ३० वर आली. तेवढंच ओझं पेलायला दुप्पट जागा टेकली पाहिजे. ती कुठून येणार? टायर दाबला जाऊन, कडा बाहेर फुगून. चाक फिरताना ती कडा प्रत्येक फेरीला वाकते आणि सरळ होते. लोखंडी तार हाताने सारखी वाकवली की गरम होते ना, तसंच. आतली उष्णता बाहेर पडायला रबर जाड, त्यामुळे ती साठते. रबर आणि धागे यांची पकड सुटते. मग एक खड्डा निमित्त होतो आणि आपण म्हणतो, खड्ड्याने टायर फोडला. टायर त्याच्या आधीचे कित्येक किलोमीटर फुटत होता.

याचा जगातला सगळ्यात गाजलेला धडा अमेरिकेतला. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. बहुतेक फोर्ड एक्सप्लोरर या गाडीला लागलेले. पळताना टायरचा वरचा थर सुटत होता आणि गाड्या उलटत होत्या. अडीचशेहून जास्त माणसं गेली. मग दोन कंपन्यांचं भांडण. टायर कंपनी म्हणे, तुम्ही हवा २६ सांगितली, आम्ही ३० म्हणत होतो. गाडी कंपनी म्हणे, तुमचा टायरच खराब. थोडं दोघांचंही खरं होतं: कमी हवा, जास्त ओझं, गरम हवामान आणि टायरमधला दोष, सगळं एकत्र. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि पुढे प्रत्येक नवीन कारमध्ये हवा कमी झाल्याचा दिवा सक्तीचा झाला. तुमच्या डॅशबोर्डवर जो पिवळा घोड्याच्या नालासारखा दिवा लागतो ना, तो त्या मेलेल्या माणसांमुळे आहे. ट्रॉलीला मात्र डॅशबोर्डच नसतो.

आणि एक उलटं उदाहरण आपल्याकडचं. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस उलटून पेटली, २५ जण गेले. ड्रायव्हर म्हणाला टायर फुटला. परिवहन खात्याच्या अहवालाने ते नाकारलं, टायर फुटल्याचा पुरावा नाही म्हणून. म्हणजे टायर फुटला हे आपल्याकडे कारणही असतं आणि पांघरूणही. ते जणू आभाळातून पडल्यासारखं बोलायचं, की मग कुणी विचारत नाही हवा कधी बघितली होती, गाडी कुणी किती भरली होती, ड्रायव्हर किती तास जागा होता.

आता ट्रॉलीचा हिशोब. समजा ट्रॉलीचं स्वतःचं वजन दोन टन, ऊस दहा टन. चार चाकं. वाट्याला तीन-तीन टन. टायरच्या कडेवर एक आकडा असतो, लोड इंडेक्स. १०.००-२०, १६ पीआर टायरवर बऱ्याचदा १४६/१४३ असतं. १४६ म्हणजे एकटा टायर असेल तर ३००० किलो, १४३ म्हणजे जोडीने असेल तर प्रत्येकी २७२५. म्हणजे नवाकोरा टायर, पूर्ण हवा, सपाट रस्ता, चारही चाकांवर सारखं वजन, तर तो बरोब्बर काठावर आहे. एक किलोचीही उसंत नाही. आणि रस्ता कधी सपाट असतो? साइडपट्टीवर उतरलं की ट्रॉली कलते आणि खालच्या बाजूची दोन चाकं जास्त उचलतात. वेग कमी असतो म्हणून निभावतं, कारण हळू चालणाऱ्या टायरला कंपन्याही जास्त ओझं चालवून घेतात. पण ट्रॉलीला नवाकोरा टायर लावतो कोण? ट्रकमधून निवृत्त झालेला टायर येतो. ट्रकवाल्याने जो काढून टाकला, तो इथे पुढची पाच वर्षं नोकरी करतो.

हे मूर्खपणामुळे होतं असं मला अजिबात वाटत नाही. वाहतूकदाराने ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला असतो, मजुरांना दिलेली उचल पाण्यात जाण्याची भीती असते, आणि पैसे टनावर आणि अंतरावर. न्हावऱ्याचा घोडगंगा अलीकडच्या हंगामांत बंद राहिला, तेव्हा त्या भागातला ऊस लांबच्या कारखान्यांकडे जायला लागला. तीच ट्रॉली, तेच टायर, खेप लांब. कारखान्याच्या काट्यावर ट्रॉलीचं वजन होतं, अगदी किलोपर्यंत, पावती मिळते. म्हणजे प्रत्येक ट्रॉलीत किती ओझं आहे हे लिखित स्वरूपात रोज नोंदलं जातं! तो आकडा पैशासाठी वापरला जातो. टायरच्या क्षमतेशी तो कुणी जोडत नाही. मला विचाराल तर एका एक्सेल शीटचं काम आहे. आणि रस्त्याचं तर विचारूच नका. १९५८ ते ६० मध्ये अमेरिकेत इलिनॉयला रस्त्यावर ट्रक फिरवून फिरवून एक मोठी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष इंजिनिअर अजून वापरतात: आसावरचं ओझं दुप्पट केलं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होतं. मग खड्डे, मग टायर, मग पुन्हा खड्डे.

बरं, आता ज्यांच्या घरी ट्रॉली आहे, किंवा ज्यांचे काका-मामा वाहतूक करतात त्यांच्यासाठी. कारवाल्यांनीही ऐका, यातलं बरंचसं सारखंच आहे.

टायर विकत घेताना आधी जन्मतारीख बघा. कडेवर डीओटी या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. सेकंड हँड टायरवर नक्षी कितीही खोल असू द्या, वय जास्त असेल तर तो घेऊ नका. ट्रॉलीचे टायर झिजून मरत नाहीत, वाळून मरतात. सहा महिने काम आणि सहा महिने बांधाला उन्हात उभं. कडेला बारीक भेगा दिसतात, नखाने दाबल्या की उघडतात, तो टायर संपला. पावसाळ्यात ट्रॉली ठोकळ्यांवर उचलून ठेवली, टायरवर जुनं पोतं टाकलं, तरी आयुष्य वाढतं. खर्च शून्य.

रिमोल्डची लाज बाळगू नका. विमानाचे टायरसुद्धा पुन्हा पुन्हा रिट्रेड होतात. प्रश्न वरच्या नव्या रबराचा नसतो, खालच्या जुन्या सांगाड्याचा असतो. सांगाडा कुठून आला हे दुकानदाराला माहीत नसेल तर पुढच्या दुकानात जा. एकाच आसावर एक नायलॉन आणि एक रेडियल असं लावू नका, दोन्ही वेगळे दाबले जातात. गोटा झालेला टायर एकाच बाजूने गोटा झाला असेल तर दोष टायरचा नाही, आस वाकलाय किंवा बेअरिंग गेलंय, नवा टायरही तसाच जाईल. चाक हाताला भाजेल इतकं तुंब्याजवळ गरम लागलं तर तेही बेअरिंग. आणि कडेला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेत, त्या टायरने पुढची खेप करायची नाही. एक खेपसुद्धा नाही.

हवा डोळ्यांनी कळत नाही. जाड कडेचा टायर अर्धी हवा गेली तरी उभा दिसतो. लाथ मारूनही कळत नाही, हा राष्ट्रीय गैरसमज आहे. साधा गेज घ्या, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवा. सकाळी, टायर थंड असताना, ऊस भरायच्या आधी मोजा. कडेवर लिहिलेला आकडा हा थंड टायरचा असतो. दुपारी टायर तापून दाब वाढला म्हणून हवा सोडायची नाही, कारण रात्री थंड झाल्यावर ती कमी भरते आणि मग पुन्हा तेच, वाकणं आणि तापणं. नायट्रोजन भरू का, असं कारवाले मला विचारतात. भरा, हौस असेल तर. साध्या हवेत तो ७८ टक्के आधीच फुकट आहे.

आणि जुगाड जोडणाऱ्यांना एक विनंती. गाड्याच्या टायरवर वेगाचं अक्षर असेल तर वाचा. ए८ म्हणजे ताशी ४० ची मर्यादा, त्याखालची अक्षरं त्याहून कमी. एडीव्ही लिहिलेला टायर ट्रॅक्टरमागे लावलाच असेल तर निदान मजुरांची कुटुंबं त्यात बसवून रात्रीचा प्रवास करू नका. हंगाम सुरू होताना आणि पट्टा पडल्यावर परत जाताना भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं, सगळं त्याच गाड्यात असतं.

टायर तरीही फुटेलच कधीतरी. तेव्हा ट्रॉली शक्य तितकी रस्त्याबाहेर घ्या. फांदी रात्री दिसत नाही. रिफ्लेक्टरचा त्रिकोण मिळतो, तो पन्नास-साठ पावलं मागे ठेवा, ट्रॉलीला चिकटून नाही. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावा, आणि ती लोंबणाऱ्या उसाखाली झाकली जात नाही ना ते मागे उभं राहून, मोबाइलचा टॉर्च मारून बघा. बाइकवाल्यांनो, तुम्ही त्या पट्ट्यात रात्री असाल तर समोरून लाइट आला की वेग कमी करा. डोळे दिपलेल्या त्या तीन-चार सेकंदांत, ताशी साठने, तुम्ही पन्नासहून जास्त मीटर आंधळे जाता.

तुमच्या ट्रॉलीच्या, कारच्या किंवा बाइकच्या टायरवरचे ते चार आकडे वाचा आणि फोटो पाठवा. सगळ्यात जुना टायर कुणाकडे निघतो ते पुढच्या भागात सांगतो. पुढचा भाग गुऱ्हाळांवर आहे. भेटू.